मग नको ना वापरू!

एखाद्या युक्तीमुळे व्हिडिओ गेम फार सोपा झालाय अशी जरा कुरकुर केली की आमच्या कोथरूडच्या ग्रुपमधला एक तरी शहाणा म्हणणारच, "मग नको ना वापरू ती युक्ती!" अरे पण का? स्कायरिम घ्या, 2011 चा गेम, तलवारी-जादू-ड्रॅगनच्या जगात मोकळं फिरायचा. अल्केमी, म्हणजे पोशन (जादूचं औषध) बनवायचं कौशल्य, वाढवणारे कपडे घालायचे, एन्चांटिंग, म्हणजे वस्तूंवर जादू चढवायचं कौशल्य, वाढवणारं पोशन बनवायचं, ते पिऊन आधीपेक्षा भारी कपडे करायचे, परत पोशन, परत कपडे, आणि मग त्या जोरावर स्मिथिंग, म्हणजे लोहारकाम, करून अशी तलवार निघते की एवढा मोठा ड्रॅगन दोन फटक्यात आडवा. यात चीट कोड कुठंय? सगळं गेमनेच हातात दिलेलं. आता मी खेळू का स्वतःवरच पहारा देत बसू, की हे घालू नको, ते पिऊ नको? म्हणजे चौकात सिग्नल बसवायचाच नाही आणि वर म्हणायचं पुणेकर आपणहून थांबतील. थांबलेत कधी?

दुसरं टोक म्हणजे त्याच मालिकेतला 2006 चा ओब्लिव्हियन, तिथे तुमची लेव्हल वाढली की अख्खं जगच तुमच्याबरोबर ताकदवान होतं, मग रस्त्यावरचा भुरटा लुटारू महागडं ग्लास आर्मर (गेममधलं भारी चिलखत) घालून उभा आणि मागतो काय तर शंभर नाणी. ते अंगावरचं विक की बाबा, सुटशील.

हवं तिथे फिरू द्या, हवं ते करू द्या, मस्तच आहे, पण स्कायरिममधल्या त्या पोशनच्या चक्राची ताकद जरा कमी करायला काय जातं? ज्याला देव बनून फिरायचंय त्याला इझी मोड आहेच, तो कुठे कोण काढून घेतंय.