व्हॉट्सअ‍ॅपची लाल टिक: त्या फॉरवर्डमधला एकेक दावा

नातेवाइकांचा ग्रुप असो, सोसायटीचा असो की शाळेतल्या जुन्या मित्रांचा, हा मेसेज फिरून फिरून येतोच. ‘उद्यापासून संवादाचे नवे नियम लागू’ अशी त्याची सुरुवात. मग यादी: सगळे कॉल रेकॉर्ड होणार, व्हॉट्सअ‍ॅप-फेसबुकवर नजर राहणार, तुमचा फोन मंत्रालयाच्या यंत्रणेला जोडला जाणार, सरकारविरुद्ध काही पाठवलंत तर वॉरंटशिवाय अटक. शेवटी टिकचं कोष्टक: तीन निळ्या म्हणजे सरकारने दखल घेतली, दोन निळ्या आणि एक लाल म्हणजे कारवाई होऊ शकते, तिन्ही लाल म्हणजे कोर्टाचं समन्स निघालं. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने हा मेसेज खोटा असल्याचं वारंवार जाहीर केलंय, तरी तो थांबत नाही. नुसतं ‘फेक आहे’ म्हणून भागत नाही, कारण त्यातली भीती अगदीच हवेतली नाही. ती चुकीच्या जागी लावलेली आहे.

टिकचं आधी उरकून टाकू. एक करडी टिक म्हणजे मेसेज गेला, दोन करड्या म्हणजे समोरच्या फोनवर पोहोचला, दोन निळ्या म्हणजे वाचला. तिसरी टिक नाही आणि लाल रंगही नाही. पण या कोष्टकातून माणसं जे शिकतात ते मला फार घातक वाटतं: कुणी पाळत ठेवली तर आपल्याला खूण दिसेल. 2019 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनेच सांगितलं की पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरने जगभरातल्या सुमारे 1,400 जणांच्या फोनना लक्ष्य केलं होतं. त्यात भारतातले पत्रकार आणि मानवी हक्क कार्यकर्तेही होते. एक व्हिडिओ कॉल यायचा, तो उचलायचीही गरज नव्हती. आपल्यावर पाळत सुरू झाली, असं सांगणारी खूण त्यांच्या पडद्यावर उमटली नाही.

आता कॉल. ‘सगळ्यांचे सगळे कॉल रेकॉर्ड’ असा कुठलाही नियम नाही. फोन टॅप करायला साधारणपणे केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. एका आदेशाची मुदत 60 दिवस, आणि ती वाढवत नेली तरी 180 दिवसांच्या पुढे जाता येत नाही. ही बंधनं कागदावरच राहतात असंही नाही. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या प्रकरणातल्या एका व्यावसायिकाच्या फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ती रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितली. सार्वजनिक सुरक्षा धोक्यात असल्याशिवाय असा आदेश काढता येत नाही, हे त्याचं कारण. गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी ऑगस्ट 2017 मध्ये सांगितलं होतं, त्याचाही आधार त्या निकालाला आहे. मात्र कुणी कुणाला, कधी आणि किती वेळ फोन केला याची नोंद कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावीच लागते. बोलणं त्यात नसतं. पण रोज रात्री एकाच नंबरवर तासभर फोन होतो, एवढं कळलं तरी पुरेसं कळतं. फॉरवर्डमध्ये या खऱ्या नोंदीचा उल्लेखही नाही.

‘व्हॉट्सअ‍ॅपवर नजर.’ 2016 पासून तिथले मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्याच फोनवर उघडतात. वाटेत कंपनीलाही वाचता येत नाहीत. सरकारने 2021 च्या आयटी नियमांत मोठ्या मेसेजिंग कंपन्यांना ‘मेसेज मुळात कुणी पाठवला हे शोधून द्या’ अशी अट घातली, त्याविरुद्ध व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. ज्याला या विषयाची खरंच काळजी आहे त्याने त्या खटल्याकडे लक्ष ठेवावं.

अटकेचा दावा मात्र आपल्या अंगावरून गेलेला आहे. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल पालघरच्या एका मुलीने फेसबुकवर प्रश्न विचारला, मैत्रिणीने तो लाइक केला आणि दोघींना अटक झाली. त्यातूनच, ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ मजकुरासाठी शिक्षा सांगणाऱ्या आयटी कायद्याच्या कलम 66-अ विरुद्धची याचिका उभी राहिली आणि 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं. सरकारवर टीका करणं हा गुन्हा नाही. दोन समाजांत तेढ लावणारा मजकूर पसरवणं हा आजही गुन्हा आहे, आणि त्यात वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. पण पालघरचं प्रकरण स्थानिक तक्रारीवरून सुरू झालं होतं. मेसेज पोलिसांपर्यंत जातो तो बहुतेक वेळा ग्रुपमधल्याच कुणीतरी काढलेल्या स्क्रीनशॉटमधून, किंवा जप्त केलेल्या फोनमधून. ग्रुप अ‍ॅडमिनलाही हे फॉरवर्ड घाबरवतं. दुसऱ्या सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केलंय.

या मेसेजचा मला राग येतो तो दोन गोष्टींसाठी. रस्त्याबद्दल, रेशनबद्दल दोन शब्द बोलणारी साधी माणसं त्याने गप्प होतात. आणि मंत्रालयाला घाबरणारी हीच माणसं आपली सगळी कागदपत्रं कोपऱ्यावरच्या दुकानात ठेवून येतात.

झेरॉक्सच्या दुकानात ‘प्रिंटसाठी व्हॉट्सअ‍ॅप करा’ अशी पाटी असते. आत कॉम्प्युटरवर व्हॉट्सअ‍ॅप उघडंच, डावीकडे अनोळखी नंबरांची रांग, प्रत्येकापुढे कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, कुणाचा सातबारा. माउस कुणीही हलवावा. आपण आपल्या फोनवरून मेसेज काढून टाकला तरी तिथे डाउनलोड झालेली फाइल तशीच राहते. प्रिंट हातात आली की समोरच ती डाउनलोड्स आणि रिसायकल बिन, दोन्हीतून काढायला सांगा. चांगले दुकानदार लगेच काढतात. आधारच्या अधिकृत साइटवरून फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारं मास्क्ड आधार मिळतं. चालत असेल तिथे तेच द्या. दुकानात किंवा ऑफिसात स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप क्यूआर कोडने उघडलं असेल तर फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ पाहा. विसरलेला एखादा कॉम्प्युटर ‘विंडोज’ या नावाने तिथे अजून चालू सापडतो आणि त्याच्यासमोर बसलेला माणूस तुमचे मेसेज आरामात वाचू शकतो. चॅटच्या बॅकअपला मात्र आपण स्वतः लावल्याशिवाय असं कुलूप (एन्क्रिप्शन) लागत नाही, त्याची सोय सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपखाली आहे.

सगळ्यात तातडीचं: ज्या ग्रुपवर लाल टिकचा मेसेज येतो, त्याच ग्रुपवर ओळखीच्या नंबरवरून ‘आरटीओ चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची, शेवटी एपीके (अँड्रॉइड फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) असलेली फाइल येते. पाठवणाऱ्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. फाइल टाकून घेतली की ती एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ती दिली की बँकेचे ओटीपी परस्पर वाचले जातात. कुणी ती उघडलीच असेल तर लगेच फोनचं इंटरनेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं आणि सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन लावायचा.