अर्ध्या एचपीच्या लेथला सीएनएमजी काहून लावता राजेहो

घरी लेथ (धातूचा रॉड फिरवून कापायचं मशीन) ठेवणाऱ्या शौकीन लोकांमध्ये एक मेसेज फिरून राहिला, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असा: "एचएसएस जुनाट झालं, फेका. कार्बाइड इन्सर्टच घ्या, त्यातही सीएनएमजी, चार कोपरे वापरता येतात, सीसीएमटीत दोनच. नोज रेडियस मोठा घ्या, फिनिश आरशासारखी. सोनेरी कोटिंगवालं सगळ्या धातूंवर चालतं. टूल गरम झालं की ब्रशनी कूलंट मारत राहा." (एचएसएस म्हणजे हायस्पीड स्टीलचं, स्वतः धार लावायचं टूल; इन्सर्ट म्हणजे होल्डरवर बसवायचा कार्बाइडचा छोटा तुकडा; सीएनएमजी, सीसीएमटी ही त्याच्या प्रकारांची नावं; नोज रेडियस म्हणजे त्याच्या टोकाची गोलाई.) लिहिणारा बहुतेक सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरनी चालणाऱ्या मशीनवर, काम करणारा असावा, तिथं यातलं बरंचसं खरंही आहे. पण आपण शेडमध्ये अर्ध्या एचपीच्या मोटरवर काम करून राहिलो, आणि मी या मेसेजच्या नादी लागून पैसे घालवले म्हणून हे लिहितो.

पहिले चार कोपऱ्यांचं. सीएनएमजी मधला एन म्हणजे क्लिअरन्स शून्य, इन्सर्टच्या बाजू सरळ उभ्या, म्हणूनच तो उलटा करूनही वापरता येतो. पण मग जॉबला (कापायच्या तुकड्याला) घासू नये म्हणून होल्डरमध्ये त्याला पाच-सहा अंश वाकवून बसवावं लागतं, चिपब्रेकर (इन्सर्टवरची चिप तोडणारी खाच) थोडं सावरून घेतो तरी एकूण काम ढकलत कापायचंच, आणि त्याला जोर लागतो. किती लागतो ते पाहा. एमएसच्या (साध्या मऊ स्टीलच्या) रॉडवर २ मिमी कट, ०.२ मिमी फीड (जॉबच्या एका फेऱ्यात टूल सरकतं तेवढं), मिनिटाला १२० मीटर स्पीड, हा काही फार मोठा कट नाही, या इन्सर्टला मानवेल असाच आहे. एमएस कापायला कटच्या दर चौरस मिमीला साधारण २००० न्यूटन धरले तर पॉवर येते १.६ किलोवॅट, म्हणजे दोन एचपीच्या वर. अर्धा एचपी म्हणजे ३७३ वॅट. झालं!

तरी मी नागपूरच्या इतवारीतून सीएनएमजीचे १२०४०८ मापाचे चार तुकडे आणले, होल्डर २० मिमी शँकचा (दांड्याचा), टूलपोस्टमध्ये मावेना तर खालून मिलिंग मारून आणला, तेव्हा कुठं सेंटर हाइट (टूलचं टोक जॉबच्या मध्याच्या उंचीला) जमली. मोठा कट दिला की बेल्ट सरके, बारीक दिला की टूल नुसतं घासे आणि जॉब असा ओरडे की शेजारचे काका पाहायला आले, ते हिंगण्याच्या एमआयडीसीत जन्मभर टर्नर होते. म्हणाले, "अबे, बकरी जुंपली तू नांगराला."

त्या ०८ मध्येच नोज रेडियसची गोष्ट आहे, ०८ म्हणजे ०.८ मिमी. मेसेज इथं अर्धा बरोबर आहे. फीड ०.१ असेल तर कागदावर ०.४ रेडियसनी साधारण ३ मायक्रॉनच्या रेघा येतात आणि ०.८ नी दीड. पण कटची खोली रेडियसपेक्षा कमी असली की बराचसा जोर जॉबला आडवा ढकलण्यात जातो, बारीक रॉड वाकतो आणि चॅटरिंग (थरथर) सुरू. आपला फिनिशिंग कट असतो ०.१, ०.२ चा. मग ०.८ घेऊन करायचं काय? सीसीएमटी ०६०२०४ घ्या, सात अंशाचा क्लिअरन्स, ६ मिमीची कड, ०.४ चा रेडियस, १० मिमी शँकच्या होल्डरवर आरामात बसतो. कोपरे दोनच म्हणता, तर उरलेले १०० अंशाचे दोन कोपरेही वेगळ्या होल्डरमध्ये लावून फेसिंगला (जॉबचं तोंड सपाट करायला) वापरतात लोक.

आता एचएसएस फेका म्हणणं, याचाच मला जास्त राग आला. १० मिमीच्या रॉडवर १२० मीटरचा स्पीड पाहिजे तर चक ३८०० आरपीएमनी फिरवावं लागेल. जुना बेल्टवाला लेथ टॉपला ६५० फिरत असेल तर त्या रॉडवर मिळतात मिनिटाला २० मीटर, आणि एमएसवर एचएसएस चालतं २५-३० ला, म्हणजे आपण आहोतच एचएसएसच्या गल्लीत. इतक्या कमी स्पीडला कार्बाइडच्या टोकावर धातू चिकटतो, पापुद्रा निघतो, जाताना कधी टोकही घेऊन जातो. चावीचा गाळा असलेला शाफ्ट म्हणजे तुटक कट, किंवा कटमध्ये असतानाच लाइट गेली, अशा वेळी एचएसएस सहन करून घेतं, इन्सर्टचा कोपरा मात्र टचकन उडतो. शोल्डरपर्यंत (जॉबच्या पायरीपर्यंत) हळू आटे पाडायचे तर मी एचएसएसच लावतो. धार लावायला यावी लागते हे खरं, पण काकांनी एका दुपारी शिकवली, पांढऱ्या व्हीलवर.

काका कार्बाइडला अजून विडियाच म्हणतात, आपल्याकडचे सगळेच जुने टर्नर म्हणतात. ते जर्मनीच्या क्रुपनी १९२६ मध्ये काढलेलं नाव, वी डियामांट, म्हणजे हिऱ्यासारखं. हिऱ्याइतकं नसलं तरी कडक तर आहेच, आणि ठिसूळही.

कार्बाइड नकोच असं मी म्हणत नाही हां. काळ्या पपडीचा रॉड, बीडाची (कास्ट आयर्नची) कडक साल, वेल्डिंगचा जोड, इथं एचएसएसची धार दोन मिनिटांत बोथट होते आणि मीही मुकाट्यानं इन्सर्ट लावतो.

सोनेरी रंगावरून काही कळत नाही, डबीवरची अक्षरं पाहा: पी स्टीलला, एम स्टेनलेसला, के बीडाला, एन अ‍ॅल्युमिनियमला. सुटा माल घेतला तर हे कळायला मार्गच नाही, माझे चार सुटेच होते. अ‍ॅल्युमिनियमला बिनकोटिंगचा चकचकीत सीसीजीटी घ्या, त्याची कड घासून धारदार केलेली असते, म्हणून एमएसवरही ०.०५ चा कट केसासारखा काढतो, फक्त जपून.

ब्रशचं एका ओळीत: तापलेल्या कार्बाइडवर थेंब थेंब कूलंट पडलं की गरम-थंड होऊन बारीक भेगा जातात, तेव्हा एकतर कूलंटची सलग धार सोडा नाहीतर कोरडंच चालवा, ब्रश एचएसएसला ठेवा.

माझ्याकडचे सीएनएमजीचे तीन तुकडे कोरेच पडून आहेत, चौथ्याचे दोन कोपरे उडाले, दोन बाकी आहेत. कुणाकडे तीन एचपीची मशीन असेल तर घेऊन जा, होल्डरही देतो, पण तो खालून कापलेला आहे.