पुळणीला तिकीट

आमच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभर एकच विषय चाललाय. दापोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या पुळणीवर कुणीतरी एमएच बाराची एसयूव्ही पार पाण्याच्या कडेला नेली, चाकं रुतली, भरती आली, बोनेटपर्यंत पाणी, मग ट्रॅक्टर, दोरखंड आणि सगळं गाव व्हिडिओ काढतंय. दरवर्षी होतं हे. पण या वेळी पुण्याच्या आमच्या आतेभावाला, म्हणजे दादाला, एकदम साक्षात्कार झाला. लिहितो काय, तर पुळणीला तिकीट लावा, एखाद्या कंपनीला चालवायला द्या, गेट बसवा, मगच ती परदेशासारखी होईल. आणि खाली माझाच जुना फोटो, सेव्हन माइल बीचवर पाण्यात पाय सोडून बसलेय तो. म्हणजे पुरावा मी!

दादा, सात वर्षं झाली मला इथे कॅरिबियनमध्ये, ब्रिटिशांच्या ताब्यातल्या ग्रँड केमन बेटावर. शनिवारी सकाळी त्याच बीचवर चालायला जाते, पब्लिक बीचला गाडी लावायची, गव्हर्नरच्या बंगल्यापर्यंत जायचं, परत यायचं, मग कोंबड्या चुकवत गाडी काढायची आणि सुपरमार्केट, कारण रविवारी ते बंद. तर बीच कसा आहे ते मला फोटोवरून सांगू नकोस.

सुंदर आहेच, नाही कशाला म्हणू. नावाला सात मैल, प्रत्यक्षात सहाच्या आसपास. वाळू पिठासारखी पांढरी आणि भर दुपारीसुद्धा पायाला फारसा चटका बसत नाही, कारण ती दगडाची नाहीच, प्रवाळ आणि शिंपल्यांचा चुरा आहे. आपली काळसर तपकिरी, मे महिन्यात बारा वाजता चप्पल विसरलात तर नाचत घरी. आणि पाणी असं की गळ्यापर्यंत आत गेलं तरी स्वतःची नखं दिसतात. पण त्याचं कारण गेट नाहीये. या बेटावर नदीच नाही! एकसुद्धा नाही, ओढासुद्धा नाही, प्यायचं पाणी समुद्राचंच मीठ काढून येतं. मग गाळ आणणार कोण? आपल्याकडे पावसाळ्यात अख्खा सह्याद्री लाल होऊन खाली उतरतो आणि वाटेतल्या प्रत्येक गावाची प्लास्टिकची पिशवी सोबत घेऊन येतो. आणि भरती-ओहोटी म्हणशील तर इथे जेमतेम फूट-दीड फूट, त्यामुळे आपल्यासारखी ती रुंद, ओली, कडक पुळण उघडीच पडत नाही की जिच्यावर एमएच बाराला गाडी फिरवायचा मोह व्हावा. शिवाय अख्ख्या केमन बेटांची मिळून लोकसंख्या लाखाच्या आत. एकतीस डिसेंबरला ताम्हिणी उतरून येणाऱ्या गाड्या इथे आणून सोड आणि मग बोलू.

शिस्त आहे, ते कबूल. बिअरच्या बाटल्या वाळूत पुरून कुणी जात नाही, आणि मला सुट्टीत तिकडे आल्यावर पहिल्या दिवशी जो राग येतो तो येतोच, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण बीचच्या मागे, हायवेच्या पलीकडे कचऱ्याचा डोंगर आहे. या सपाट बेटावरच्या मोजक्या उंच जागांपैकी ती एक, इथले लोक त्याला माउंट ट्रॅशमोर म्हणतात. तो माझ्या फोटोत येत नाही, कारण मी तिकडे पाठ करून फोटो काढते.

आता तुझं गेट. इथे नियम असा की भरतीच्या रेषेखालची जमीन ब्रिटनच्या राजाची, तिथे कुणीही चालावं. वरची ज्याची त्याची. आणि किनाऱ्याला लागून मोठं काही बांधलं तर दर दोनशे फुटांना निदान सहा फुटांची वाट लोकांसाठी सोडायची. कागदावर छान आहे. प्रत्यक्षात त्या वाटेवर झुडूप वाढतं, कुठे जनरेटर येऊन बसतो, बोर्ड असा लावतात की वाट हॉटेलचीच वाटावी. आमच्या ऑफिसात रिसेप्शनला इथल्याच वेस्ट बे भागातली एक बाई आहे, साठीची. ती लहानपणी आजीच्या घरातून सरळ पळत पाण्यात जायची. आता नातवाला घेऊन यायचं तर आधी पार्किंग शोधते, मग वाट शोधते, मग खुर्च्यांच्या रांगांतून वाकून जाते. आणि दक्षिणेच्या टोकाला तर वाळूच राहिली नाहीये, भिंती पाण्याच्या इतक्या जवळ बांधल्या की हिवाळ्यात नॉर्थवेस्टर, म्हणजे वायव्येचा वारा आला की लाटा थेट भिंतीवर आपटतात आणि वाळू घेऊन जातात. हा तुझा कंपन्यांनी चालवलेला बीच. वर आमचे पुढारी कोकणचा कॅलिफोर्निया करायला निघालेत, किती वर्षं ऐकतोय, अजून कॅलिफोर्नियाने काही उत्तर दिलेलं नाही.

याच बाईशी मी एकदा सुरूच्या झाडांवरून भांडले. इथे त्यांना विपिंग विलो म्हणतात, आणि ती बाहेरून आलेली, खाली दुसरं काही उगवू देत नाहीत, वादळात पडतात, काढून टाका असं म्हणणारे पुष्कळ. आमच्याकडे पुळण म्हटली की सुरूचं बन आलंच, ते वनखात्याने लावलेलं का असेना. मी उगाच अर्धा तास सुरूची वकिली केली. 2025च्या एप्रिलमध्ये क्रूझ जहाजांसाठी धक्का बांधायचा का यावर इथे सार्वमत झालं, लोकांनी नको म्हणून सांगितलं, तेव्हाही ऑफिसात सगळ्यात जास्त मीच बोलत होते, आणि मत मला नव्हतंच. दापोलीच्या यादीत नाव आहे, तिथे मी कधी मतदानाला गेलेले नाही.

एवढं सगळं टाइप केलं, ग्रुपवर टाकणार होते, आणि थांबले. कारण दादा एका ओळीत मला गप्प करू शकतो. समुद्राकाठचं आमचं आगर आम्ही 2022 साली विकलं. रिसॉर्टवाल्याला.

बाबा गेले, भाऊ चिपळूणला, माडावर चढायला माणूस मिळेना, हे सगळं खरं. पण काका जेव्हा म्हणाले की बहिणी हक्कसोड करून देतात, तेव्हा मी याच ग्रुपवर 2005चा कायदा लिहून टाकला होता, समान वाटा, एक रुपया कमी घेणार नाही. घेतला. पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी इथेच लंच ब्रेकमध्ये नोटरी करून कुरियरला दिली, अर्धं सँडविच गाडीत खाल्लं. ते पैसे इथल्या एका स्टुडिओ कॉन्डोत आहेत. पुढच्या वर्षी आठ पूर्ण होतात, मग पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहण्याच्या परवानगीचा अर्ज, आणि प्रॉपर्टीला पॉइंट असतात. कमी पडले तर रोलओव्हर, म्हणजे मुदत संपली, बेट सोडा, बॅगा भरा. सध्या त्या अर्जासाठीच्या टेस्टचा अभ्यास चाललाय, ईस्ट एंडच्या खडकांवर दहा जहाजं फुटली ती 1794 साली, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. आमच्या आगराचा गट नंबर मात्र सही करताना भावाला विचारावा लागला होता.

घरामागून पोफळींतून, विहिरीला वळसा घालून, केवड्याच्या बेटाशेजारून वाट जायची आणि शेवटी बेडं, ते काढलं की पुळण. हर्णैच्या लिलावाहून येणाऱ्या कोळणी पाट्या घेऊन त्याच वाटेने वर यायच्या. आजीने कधी कुणाला अडवलं नाही, फक्त बेडं परत लावा गं, गुरं शिरतात, एवढं ओरडायची. आता तिथे लोखंडी गेट आहे. वहिनी मागच्या दिवाळीला मुलांना घेऊन गेली तर वॉचमनने विचारलं, रूम नंबर?

डिसेंबरात यायचं ठरतंय. काल रात्री त्यांच्या साइटवर गेले, नुसतं बघायला म्हणून. स्विमिंग पूल, मालवणी थाळी, लॉनवर बोनफायर, आणि त्याखाली लिहिलंय, प्रायव्हेट बीच अ‍ॅक्सेस. फोटोत विहीर तशीच आहे, फक्त तिच्यात निळे दिवे सोडलेत.

दोन रात्री बुक केल्या. दादाला अजून उत्तर दिलेलं नाही.