बाराखडी हवीच, पण कानाला सोबत घेऊन

नमस्कार बाई,

लहान मुलांना शब्दांतले आवाज ओळखायला शिकवण्यावर मी लिहिलेल्या लेखाला तुम्ही कडक आणि सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. वर्षानुवर्षं पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या शिक्षिकेच्या आक्षेपाला दोन ओळींत उत्तर देणं मला योग्य वाटलं नाही.

इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. देवनागरी जशी लिहितो तशीच वाचतो, त्यामुळे आवाजांचे खेळ हे इंग्रजीकडून आलेलं खूळ आहे. मुळाक्षरं आणि बाराखडी घोकून पिढ्यानपिढ्या वाचायला शिकल्या. आणि मोठ्या गटातला तुमचा नातू फोनिक्सच्या, म्हणजे आवाज जोडून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या, क्लासला जातो, तरी त्याला मराठीतली एक ओळ वाचता येत नाही.

इंग्रजीत २६ अक्षरांवर चाळीसहून जास्त आवाजांचा भार आहे आणि एकच अक्षर जागोजागी वेगळं वाजतं. ती अडचण आपल्याकडे तेवढी नाही, हे मान्यच. इंग्रजीची पद्धत उचलून मराठीला चिकटवा, असं मी म्हणतही नाही. चार वर्षांच्या मुलाला ‘म’मधून ‘म्’ सुटा काढायला लावू नये, या तुमच्या मताशी मी पूर्ण सहमत आहे. त्या वयात मराठी कानाला अख्खं अक्षर ऐकू येतं, तिथूनच सुरुवात करावी.

पण शब्द कानाने सोडवणं परकं कसं? अजून एकही अक्षर न ओळखणारं पोर ‘चहाबिहा’, ‘जेवणबिवण’ म्हणतं, तेव्हा ते शब्दाचं पहिलं अक्षर काढून त्या जागी ‘बि’ बसवत असतं. भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडावं लागतं. ‘च’च्या भाषेत ‘मला’चं ‘चलाम’ करायचं तर पहिलं अक्षर उचलून शेवटी न्यावं लागतं, तेही बोलता बोलता. ही सगळी आपलीच पुंजी आहे. ती वर्गात वापरावी, एवढंच माझं मागणं आहे.

आता ‘जसं लिहितो तसं वाचतो’ याबद्दल. बाई, ‘मुलगा’ हा शब्द मोठ्याने म्हणून पाहा. तोंडातून ‘मुल्गा’ येतं. टाळ्या वाजवून शब्द तोडायला सांगितलं तर मूल दोन टाळ्या वाजवतं, मुल आणि गा. फळ्यावर मात्र तीन अक्षरं असतात. आपण म्हणतो, ‘चुकलं, तीन टाळ्या.’ खरं तर त्याच्या कानाने बरोबर ऐकलेलं असतं. वहीत ‘मुल्गा’ लिहिणारं मूल मला बिनचूक लिहिणाऱ्या पण न ऐकणाऱ्या मुलापेक्षा पुढे गेलेलं वाटतं. त्याला फक्त एवढं सांगायचं, की बोलताना ‘ल’मधला ‘अ’ आपण गिळतो, लिहिताना मात्र ‘ल’ पूर्ण लिहितो. दोनचार शब्दांत त्याला ते कळतं. लाल शाईची फुली मारली तर तेच मूल पुढे ऐकणं सोडून देतं आणि पाठांतरावर विसंबतं. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे.

अनुस्वाराचंही तसंच. ‘आंबा’तल्या टिंबाला म् ऐकू येतो, ‘दंड’मध्ये ण्, ‘अंगण’मध्ये ङ्. खूण एक, आवाज तीन. तक्त्यावर ‘च चमच्याचा’ शिकलेलं मूल ‘चहा’ वाचताना अडखळतं, कारण तिथला च निराळा आहे. जावई आणि जीभ यांतल्या ज चंही तेच. पहिली वेलांटी डोळ्यांना व्यंजनाच्या आधी दिसते, पण तिचा आवाज व्यंजनानंतर येतो. घरी वऱ्हाडी बोलणारं मूल ‘डोया’ आणि ‘पानी’ म्हणतं. त्याच्या कानावर ळ आणि ण फारसे पडलेलेच नसतात, म्हणून तक्त्यावर बोट ठेवून ते अक्षर त्याला ‘ऐकू’ येत नाही. अशा मुलाला अडाणी ठरवलं जातं तेव्हा मला फार त्रास होतो. त्याचे शब्द वर्गात मानाने घ्यावेत आणि ळ, ण हे नवे आवाज म्हणून सावकाश ऐकवावेत.

मुळाक्षरांविषयी आणि बाराखडीविषयी माझ्या मनात आदरच आहे. मुळाक्षरांत कंठापासून ओठांपर्यंत आवाजांची जशी शिस्तबद्ध मांडणी आहे, तशी सगळ्याच लिप्यांना लाभलेली नाही. पण तो क्रम आवाज समजलेल्या माणसाला सुंदर वाटतो. नवख्या मुलापुढे त्याने क-ख, ग-घ असे कानाला जवळचे आवाज एकदम येतात, आणि ज्याने एकही शब्द सुरू होत नाही तो ङ पाचव्याच क्रमांकाला येतो. सगळी मुळाक्षरं संपल्यावरच काना शिकवायचा ठरवलं, तर बाबा, मामा, काका हे रोजच्या जिभेवरचे शब्दसुद्धा मुलाला महिनोन्महिने वाचता येत नाहीत.

आणि खरी ठेच मात्रांमध्येच लागते. बाराखडी एका दमात म्हणणाऱ्या मुलाला ‘मो’ दाखवा. ते ‘म मा मि मी’ करत बोटांवर मोजत ‘मो’पर्यंत पोचतं. म्हणजे ओळ पाठ आहे, पण ओकारमात्रेचा आवाज तिच्यातून सुटा झालेला नाही. संशोधक सोनाली नाग यांनी २००७ साली कन्नड मुलांच्या वाचनावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच, अक्षर आणि त्याला लागणारी स्वरचिन्हं. त्यांना दिसलं, की अक्षरं पूर्ण हातात यायला चौथीपर्यंतचा आणि त्यापुढचाही काळ लागतो, आणि अक्षराच्या पोटातले व्यंजन-स्वर वेगळे ऐकण्याची जाण सावकाश येते. म्हणून बाराखडी आडवी म्हणण्याबरोबर उभीही म्हणावी, असं मी सुचवते. का, मा, ला, बा, सा. मग के, मे, ले, बे, से. व्यंजन बदलतं, स्वर तोच राहतो, आणि मात्रेचा आवाज कानाला सापडतो.

अक्षरं गटागटाने, मात्रांसह आणि लगेच शब्द बनतील अशी शिकवणं हेही माझं संशोधन नाही. १९८४ साली फलटणला प्रगत शिक्षण संस्था सुरू करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी ही वाट फार आधी घालून दिली आहे.

‘पिढ्यानपिढ्या शिकल्या’ हे वाक्य मात्र मला मान्य करता येत नाही. जी मुलं शिकली, ती आपल्याला दिसतात. जी पहिली-दुसरीतच गळली, ती या हिशेबात येतच नाहीत. घरात वाचणारं कुणी असलं की घोकंपट्टीतल्या फटी आपोआप भरतात. ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्यासाठी त्या शाळेनेच भरायला हव्यात. त्याला रोजची दहा मिनिटं पुरतात, तीही अक्षरं शिकवणं चालू असतानाच. खेळात वर्ष घालवा, असं माझं म्हणणं नाही.

तुमच्या नातवाचं कोडं अवघड नाही. क्लासमध्ये त्याला व्यंजनाला आणि स्वराला वेगवेगळं अक्षर भेटतं आणि तो ते जोडत जातो. मराठीत ‘अ’ व्यंजनाच्या आतच बसलेला असतो, त्याला खूण नसते. हे त्याला सरळ सांगा, कळेल. संध्याकाळी पूर्ण बाराखडी घेण्याऐवजी आधी म, क, ल, ब आणि काना एवढंच घ्या. यातून मका, काम, लाल, बाक, कलम, मलम, बालक, कमाल इतके शब्द निघतात. आधी शब्द फक्त बोला: ‘मका’तला पहिला आवाज कोणता, ‘म’ काढला तर काय उरतं? मग अक्षरांचे कागदी तुकडे करून त्याच्याकडून शब्द जुळवून घ्या. ‘मामा, मला मका’ एवढं त्याला न अडखळता वाचता आलं, की स, र, न, प आणि दुसरी वेलांटी घ्या. पहिली वेलांटी त्यानंतर.