पुरावा अढीत घालण्याची रीत

पुराव्यावर चालणारा गुन्हेपट काढायचा तर कोकणाइतकी सोयीची जागा नाही. पाऊस फुकट, समुद्र फुकट, आणि जुनं घर भाड्याने घेतलं की मागचा मांगर, म्हणजे अडगळीची खोपी, वर फुकट मिळतो. पोस्टरवर 'प्रत्येक पुरावा बोलतो' असं छापून टाका आणि लागा कामाला.

सुरुवात अर्थात श्रावणात. रक्ताने माखलेला, पावसाने चिंब झालेला शर्ट मांगरात सापडतो. तुमचा इन्स्पेक्टर तो चिमट्याने उचलतो, पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत सोडतो आणि झर्रकन झिप ओढतो. हा शॉट काही झालं तरी सोडू नका. खरं तर असा कपडा सावलीत पूर्ण वाळवायचा, घड्यांमध्ये कोरा कागद घालायचा आणि कागदी पिशवीत भरून सील करायचा. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते, मग बुरशी आणि जिवाणू रक्तातल्या डीएनएचा फडशा पाडतात. पण श्रावणात वाळवणार कुठे? इथे बनियन चार दिवस वलणीवर लोंबकळतं आणि पाचव्या दिवशी चुलीवर धरावं लागतं. त्यापेक्षा पिशवी बरी. आंबा अढीत घालून आठ दिवसांनी बघतात, तशी ती पिशवी मुंबईला कलिन्याच्या प्रयोगशाळेत उघडली की माल पिकलेलाच निघणार. तुमच्या चित्रपटात मात्र अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाबरोबर येतो, आणि त्यात खुन्याचं नावच असतं. जुळवायला संशयिताचा नमुना लागतो, ही किरकोळ बाब. विचारतो कोण?

या सगळ्या वेळात छत्री धरून एक माणूस बाजूला उभा आहे. तो पंच, म्हणजे जप्तीचा साक्षीदार. त्याला संवाद देऊ नका. दिलाच तर एकच: "सायबानू, सही खंय करू?" पंचनाम्याचा कागद भिजलाय, सीलची लाख वितळवायला लावलेली मेणबत्ती वाऱ्याने तिसऱ्यांदा विझलीय. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं, म्हणून हवालदार मोबाइल धरून उभा आहे आणि लेन्सवर बरोबर मधोमध एक थेंब आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचा गुन्हा असेल तर न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं असंही तीच संहिता सांगते. तुमच्या तज्ज्ञबाईंना मोकळे केस आणि पांढरा कोट द्या. टोपी, मास्क नको, चेहरा झाकतो.

बोटांचे ठसे घ्यायचे ते चिऱ्याच्या भिंतीवरून. जांभा दगड भोकाभोकांचा, खरबरीत, वर शेवाळ. त्यावर ठसा उमटत नाही, म्हणूनच नायकाला तो मिळाला की टाळ्या पडतील. ओल्या काचेवर, पत्र्यावर पावडर चालत नाही, तिचा लगदा होतो. तिथे मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या पुडीचं पाण्यातलं मिश्रण फवारतात. पण ते राखाडी दिसतं आणि पडद्यावर शोभत नाही. ब्रशच फिरवा.

शोभेचं म्हणाल तर ल्युमिनॉल. खून होडीवर झाला असं दाखवा, अंधार करा आणि फवारा मारा. रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे निळी चमक येते. पण हिमोग्लोबिन बांगड्यातही असतं, सुरमईतही. त्यामुळे अख्खी होडी दिवाळीसारखी उजळेल. रक्त माणसाचं की माशाचं, हे ठरवायला वेगळी चाचणी लागते. ती तुमचा इन्स्पेक्टर डोळे बारीक करून करेल.

आता किनारा. पौर्णिमा, रात्रीचे साडेअकरा, दूरवर पसरलेली ओली वाळू, तिच्यात पावलं उमटवत जाणारा खुनी. फारच सुंदर. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब रापणीवर जाळं ओढणाऱ्या पोरालाही पाठ असतो. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. अर्धा तास इकडेतिकडे धरा. म्हणजे तुमचा खुनी चालतोय तिथे त्या वेळी कमरेएवढं पाणी आहे, आणि पौर्णिमेचं उधाण असल्याने नेहमीपेक्षा जास्तच. ती वाळू उघडी पडणार पहाटे पाच-साडेपाचला. अष्टमी घेतलीत तर रात्री बाराला ओहोटी मिळेल. पण मग चंद्र अर्धाच, आणि कॅमेरामन रुसेल.

पावलाचा साचा घेताना प्लास्टर बादलीने वरून धबाकन ओता. सुकी वाळू ढासळून ठसा गेला की प्रसंगात ताण येतो. जाणकार आधी लाखेचा किंवा केसांचा स्प्रे हलका मारून वाळू बसवतात, भोवती चौकट लावतात, दोन भाग पावडरीला एक भाग पाणी अशा अंदाजाने दाट मिश्रण करतात आणि ते ठशाच्या बाजूला ओतून आत वाहू देतात. मग निदान अर्धा तास थांबतात. अर्धा तास! तेवढ्यात तुमची दोन गाणी होतात.

मोबाइलचं लोकेशन घराच्या ओटीपर्यंत दाखवा. टॉवरवरून कळतो तो पट्टा, घर नव्हे. आणि मध्ये डोंगर आला की फोन खाडीपलीकडचा टॉवर पकडतो. गुहागरात झोपलेला माणूस दाभोळात फिरत होता असं निघू शकतं. मध्ये वाशिष्ठी आहे आणि रात्री फेरीबोट बंद असते, एवढं सोडलं तर ठीकच.

एक गोष्ट मात्र वापरू नका, कारण ती खरंच चांगली आहे. प्रेत समुद्रात सापडतं. बुडताना माणूस जिवंत असेल तर पाण्यातली डायटम नावाची सूक्ष्म शेवाळं रक्तातून हाडाच्या मगजापर्यंत पोचू शकतात. मांडीच्या हाडातला मगज आम्लात विरघळवला तरी त्यांची सिलिकाची कवचं उरतात. ती गोड्या पाण्यातली निघाली आणि परसातल्या बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, पाण्याच्या नमुन्याशी जुळली, तर माणूस बावीत बुडवून मग समुद्रात टाकला. या चाचणीवर तज्ज्ञांत वाद आहेत. हाडं नळाच्या पाण्याने धुतली तरी घोटाळा होतो. हे सगळं दाखवायला वीस मिनिटं जातील. त्यापेक्षा डॉक्टरला म्हणू द्या, "मृत्यू अकरा वाजून दहा मिनिटांनी."

आणि इतके पुरावे जमल्यावर शेवट कशाने? कबुलीने. कोठडीत दोन कानाखाली, पावसाचा आवाज, खुनी ढसाढसा रडत सगळं सांगतो. पोलिसापुढची कबुली कोर्टात पुरावा ठरत नाही, हा नियम इंग्रजांच्या काळापासूनचा. डीएनए गुन्ह्याच्या तपासात पहिल्यांदा वापरला गेला तो १९८६ साली इंग्लंडमध्ये, आणि त्याने आधी सोडवला तो कबुली दिलेला पोरगाच. असो. कबुलीला पार्श्वसंगीत चांगलं बसतं.

कोर्ट दाखवायचा मोह झालाच, तर तो छत्रीवाला पंच लागेल. पाच-सहा वर्षांनी सीलवरची सही त्याचीच का, हे त्याने ओळखायचं असतं. एव्हाना तो नालासोपाऱ्याला गेलेला असतो. समन्स गणपतीत काढा, घरीच सापडेल; फक्त गौरीजेवणाच्या दिवशी नको.