किडनीतली सिस्ट काढ्याने विरघळत नाही आणि प्रत्येक सिस्ट कॅन्सरही नसते

गेल्या काही महिन्यांत एकच संदेश मला निरनिराळ्या पाच-सहा व्हॉट्सॲप गटांतून आला. त्याचा मजकूर थोडक्यात असा: किडनीत सिस्ट निघाली म्हणजे गाठ झाली आणि गाठ ही कॅन्सरची पहिली पायरी, डॉक्टर लगेच ऑपरेशन सांगतात, पण रोज चार लिटर पाणी प्यायले आणि 21 दिवस गोखरू, पुनर्नवा व पाषाणभेद यांचा काढा घेतला, की सिस्ट विरघळून लघवीवाटे निघून जाते, त्यातूनही राहिलीच, तर सुईने पाणी काढून घ्यावे, कायमची सुटका होते. मी रोज सोनोग्राफी करणारा डॉक्टर आहे आणि हा संदेश वाचून धास्तावलेली माणसे रोज माझ्यासमोर बसतात. मागच्या आठवड्यात एका आजींनी पर्समधून चार घड्या घातलेला रिपोर्ट काढला. ‘डाव्या किडनीच्या वरच्या टोकाला 2.4 × 2.1 सेंटिमीटरची साधी सिस्ट’ या ओळीतल्या ‘सिस्ट’ शब्दाभोवती त्यांच्या मुलाने लाल पेनाने तीनदा गोल केला होता. त्याच्या शेजारचा ‘साधी’ हा शब्द मात्र घरात कोणीच वाचलेला नव्हता.

पहिला मुद्दा कॅन्सरचा. साधी सिस्ट म्हणजे पातळ आवरणाची, पाण्यासारख्या द्रवाने भरलेली बंद पिशवी. पडद्यावर ती आतून एकसारखी काळी दिसते, तिची कड बारीक आणि गुळगुळीत असते आणि तिच्या मागे एक उजळ पट्टा उमटतो, कारण द्रवातून जाताना ध्वनिलहरी फारशा क्षीण होत नाहीत. ही तिन्ही लक्षणे स्पष्ट दिसली, तर निदान तिथेच पक्के होते. पन्नाशीनंतर अशा सिस्ट इतक्या सर्रास आढळतात, की पित्ताशयाचे खडे किंवा प्रोस्टेट पाहण्यासाठी केलेल्या तपासणीत त्या आपसूक सापडतात. त्यांना कॅन्सरची पायरी म्हणण्याला काहीही आधार नाही.

मात्र सगळ्याच सिस्ट साध्या नसतात. कड जाड असेल, आत पडदे असतील किंवा घट्ट भाग दिसत असेल, तर कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन किंवा एमआरआय करावा लागतो. न्यूयॉर्कचे रेडिओलॉजिस्ट मॉर्टन बोस्नियाक यांनी 1986 मध्ये यासाठी एक वर्गवारी मांडली, जी 2019 मध्ये सुधारण्यात आली आणि आज जगभर वापरली जाते. पहिल्या आणि दुसऱ्या वर्गातल्या सिस्ट निरुपद्रवी मानल्या जातात. ‘दोन-एफ’ वर्गातल्या सिस्टवर ठरावीक काळाने पुन्हा स्कॅन करून लक्ष ठेवतात. तिसऱ्या वर्गातल्या साधारण निम्म्या आणि चौथ्यातल्या सुमारे 90 टक्के सिस्ट कॅन्सरच्या निघतात. म्हणून हा संदेश मला दुहेरी घातक वाटतो: पहिल्या वर्गातल्या माणसाची तो झोप उडवतो आणि चौथ्या वर्गातल्या माणसाला 21 दिवसांच्या काढ्यात गुंतवून ठेवतो.

डॉक्टर लगेच ऑपरेशन सांगतात, हेही खरे नाही. त्रास नसलेल्या साध्या सिस्टला कोणताच उपचार लागत नाही. ती मोठी होऊन कुशीत सतत दुखत असेल, लघवीचा मार्ग दाबत असेल, तिच्यात जंतुसंसर्ग किंवा रक्तस्राव झाला असेल, तरच उपचाराचा विचार होतो.

आता काढा. गोंधळ इथे मुतखड्याशी झाला आहे. खडा लघवीच्या वाटेतच असतो, त्यामुळे लहान खडा लघवीबरोबर बाहेर पडू शकतो. साध्या सिस्टचा त्या वाटेशी संबंधच उरलेला नसतो, मग ती लघवीवाटे जाणार कुठून? ‘माझी सिस्ट तीन मिलिमीटरने कमी झाली’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नाहीत; पण निराळ्या दिवशी, निराळ्या हाताने, निराळ्या कोनातून मोजल्यावर दोन-तीन मिलिमीटरचा फरक सहज पडतो. भरपूर पाण्याचेही तेच. आनुवंशिक सिस्टच्या आजारात मुद्दाम जास्त पाणी पिऊन किडनीची वाढ मंदावते का, हे ऑस्ट्रेलियात तीन वर्षे तपासले गेले. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तसा फायदा दिसला नाही. ज्यांचे हृदय किंवा किडनी आधीच कमजोर आहे, त्यांना बळेच चार लिटर पाणी पाजणे तर धोक्याचे आहे. आणि वनस्पती आहे म्हणून निर्धोक, हे किडनीच्या बाबतीत कधीच गृहीत धरू नये: 1990च्या दशकात ब्रुसेल्समध्ये वजन घटवण्यासाठी घेतलेल्या वनौषधींमुळे अनेक स्त्रियांच्या किडन्या कायमच्या निकामी झाल्या, आणि त्यामागे ॲरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती होती.

सुईचा दावा अर्धा खरा आहे. सुईने द्रव काढता येतो, पण पिशवीचे अस्तर तसेच राहते आणि बऱ्याच जणांमध्ये ती काही महिन्यांत पुन्हा भरते. म्हणून द्रव काढल्यावर आत अल्कोहोलसारखे औषध सोडून अस्तर निकामी करतात. त्याआधी सिस्ट लघवीच्या मार्गाला जोडलेली नाही ना, याची खात्री करावी लागते. सिस्ट फार मोठी असेल किंवा पुन्हापुन्हा भरत असेल, तर दुर्बिणीतून तिचे वरचे आवरण कापून टाकतात आणि किडनी जागेवरच राहते.

ज्या आजाराबद्दल सर्वांत आधी सांगायला हवे, त्याचा या संदेशात उल्लेखच नाही. तो म्हणजे पॉलिसिस्टिक किडनी. पीकेडी-1 किंवा पीकेडी-2 या जनुकातल्या बिघाडामुळे दोन्ही किडन्या सिस्टनी भरत जातात. आई-वडिलांपैकी एकाला हा आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के असते. अशा घरातल्या 15 ते 39 वयाच्या व्यक्तीच्या दोन्ही किडन्यांत मिळून तीन सिस्ट दिसल्या, तरी निदान होते. इथे रक्तदाब आटोक्यात ठेवणे सर्वांत महत्त्वाचे. आजार झपाट्याने वाढत असलेल्या निवडक रुग्णांना टॉल्व्हॅप्टन हे औषध देतात. ते आजार बरा करत नाही, पण त्याचा वेग कमी करते; मात्र यकृताच्या तपासण्या नियमित कराव्या लागतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका तरुणाचे वडील डायलिसिसवर होते. त्याच्या स्वतःच्या रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंना अनेक सिस्ट लिहिलेल्या होत्या आणि तो वर्षभर काढा घेत होता. त्या वर्षात त्याचा रक्तदाब कोणी एकदाही मोजला नव्हता. त्या दिवशी आम्ही मोजला, तो 170/110 निघाला.