परसातल्या संडासाचं ‘शास्त्र’

सध्या एक मजकूर मोबाइलवर फिरतोय: ‘आपले पूर्वज शहाणे. जंतू घरात येऊ नयेत म्हणून संडास परसात ठेवायचे. आपण इंग्रजांचं बघून तो बेडरूमला चिकटवला आणि आजार ओढवून घेतले.’ मला काकांकडून दोनदा आला, दुसऱ्यांदा हात जोडलेल्या चित्रासकट.

पूर्वज म्हणजे नक्की कोणते? मोहेंजोदडोत साडेचार हजार वर्षांपूर्वी घरात न्हाणी होती, काही घरांत शौचकूपही, आणि सांडपाणी विटांच्या गटारात जाई. आणि खेड्यात बहुतेकांकडे संडास नव्हताच. ‘परसाकडे जाणे’ म्हणजे काय, ते आजीला विचारा.

जंतूंचं म्हणाल, तर वाड्याच्या परसातला संडास टोपलीचा, म्हणजे मैला खाली ठेवलेल्या टोपलीत पडणारा. उघडा मैला, त्यावर माश्या, आणि पलीकडे पिण्याच्या पाण्याचा आड. पटकीला आणखी काय हवं? (खड्ड्याचा संडास विहिरीपासून लांब हवा, हे खरंच. पण मजकुरात विहिरीचं नावही नाही.)

मग तो घरापासून लांब का? टोपली कोण काढायचं ते बघा. संडासाला मागच्या अंगाने बुटकं दार असे, बोळात उघडणारं. डोक्यावरून मैला वाहणाऱ्या माणसाने बोळातून यायचं, बोळातूनच जायचं. अंगणात त्याचं पाऊल पडता कामा नये. मुंबईत दोन इमारतींमधल्या अशा बोळाला हाऊस गल्ली म्हणतात.

आणि तरीही ‘यात जातीचा काय संबंध?’ असं वाटत असेल, तर मुंबईतल्या एखाद्या जुन्या इमारतीच्या मागे जा आणि मान वर करा. तिथे फ्लश होता, संडास घरात होता, टोपली गेली होती. तरी पाठीमागून लोखंडी गोल जिना चढवलेला, प्रत्येक मजल्यावर थेट न्हाणीघरात उघडणारा. सफाई कामगाराने दिवाणखान्यातून जायला नको ना! मैला तर पाइपातून चालला होता. मग तो जिना कशाला?

राहिले इंग्रज. टोपली हटवायला झटणारा माणूस आपल्याच कोकणातला होता. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी भंगीकाम करू द्या म्हणून उपोषण केलं आणि येरवड्यात गांधीजींनीही त्यांच्यासाठी अन्न सोडलं. पुढे कणकवलीच्या गोपुरीत अप्पांनी असे संडास बांधले की कुणाला ताजा मैला उचलावा लागू नये, त्याचं खत व्हावं. सरकारने टोपलीच्या संडासांवर बंदीचा कायदा केला १९९३ मध्ये, आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ मध्ये दुसरा.

काकांच्या नव्या फ्लॅटमध्ये तीन संडास आहेत, तिन्ही घरात. कामाला येणाऱ्या मावशींना मात्र सात मजले उतरून पार्किंगमधल्या संडासात जावं लागतं.